आम्ही लवकर निघून गेलो होतो

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



'आवडलेलं एक पुस्तक' या विषयावर बोला, असा संयोजकांचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनिअरिंग केलं, गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यात कुठे काय फुटेल ते शोधायचं, हे माझं काम. आणि जे पुस्तक माझ्या मनात आलं ते 'आवडलेलं' म्हणता येईल असंही नाही. ते माझ्या अंगाला चिकटलं आहे. म्हटलं, चालेल का? ते म्हणाले, चालेल.

विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही ती कादंबरी. १९५४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली आहे आणि मी ती पहिल्यांदा मराठीतच वाचली. पान दोन पान झालं की डुक्कर, पुन्हा डुक्कर. अम्मीने विचारलं, "क्या पढ़ रा रे इत्ता?" मी म्हटलं, पोरांची गोष्ट आहे, बेटावर अडकतात. ती म्हणाली, मग शेवटी घरी पोचतात ना? मी म्हटलं, पोचतात. ते उत्तर बरोबर होतं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या युद्धाचा काळ आहे. इंग्लंडमधल्या मुलांना सुरक्षित जागी नेणारं विमान पाडलं जातं आणि सहा ते बारा वर्षांची मुलं एका निर्जन बेटावर येऊन पडतात. मोठं माणूस एकही नाही. फळं आहेत, गोडं पाणी आहे, रानडुकरं आहेत. राल्फ नावाच्या मुलाला पाण्यात एक मोठा शंख सापडतो. तो शंख आहे आणि तो फुंकता येतो, हे ओळखतो त्याच्या शेजारचा जाडा, दम्याचा त्रास असलेला, चष्मेवाला मुलगा. शंखाच्या आवाजाने सगळी मुलं गोळा होतात, सभा भरते, निवडणूक होते, राल्फ प्रमुख होतो. जॅक नावाचा दुसरा मुलगा शिकाऱ्यांचा म्होरक्या होतो. जहाजाला दिसावा म्हणून डोंगरावर जाळ पेटता ठेवायचा असं ठरतं. पुढे बेटावर कसलंसं 'जनावर' आहे अशी भीती पसरते, जाळ विझतो, टोळ्या पडतात, तोंडं रंगवली जातात आणि दोन मुलांचा खून होतो. तिसऱ्याची, म्हणजे राल्फची, शिकार चालू असतानाच नौदलाचा एक अधिकारी किनाऱ्यावर उतरतो.

दोन खून म्हणालो. हा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

लेखकाबद्दल फार सांगत नाही. गोल्डिंग शाळामास्तर होते, सॅलिसबरी गावात मुलांना शिकवायचे. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तेव्हा रॉकेटं डागणाऱ्या एका बोटीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. दिवसा वर्गातली मुलं बघायची आणि डोक्यात युद्धात काय काय पाहिलं ते, असा तो माणूस. हस्तलिखित कितीतरी प्रकाशकांकडून परत आलं. शेवटी फेबर अँड फेबरमधल्या चार्ल्स मॉन्टिथ नावाच्या नवख्या संपादकाने ते उचललं, बरंच कापायला लावलं, नावही बदललं. १९८३ मध्ये गोल्डिंगना नोबेल मिळालं.

माझ्यासारख्याला आधी चूक दिसते, म्हणून तीही सांगून टाकतो. मुलं जाळ पेटवतात ती त्या जाड्या मुलाच्या चष्म्याच्या भिंगाने. पण त्याला लांबचं दिसत नाही, असं कादंबरीतच आहे. म्हणजे त्याची भिंगं अंतर्वक्र असणार. अंतर्वक्र भिंग किरणं एकत्र आणत नाही, फाकवतं. त्याने कागदसुद्धा जळणार नाही. हे आपण सगळे दहावीच्या विज्ञानात शिकलो. मजा म्हणजे गोल्डिंगचे वडील विज्ञानाचे शिक्षक, आणि गोल्डिंग स्वतः ऑक्सफर्डला पहिली दोन वर्षं विज्ञानच शिकत होते. तरी ही चूक राहिली. मी कोड रिव्ह्यू करत असतो तर परत पाठवला असता.

पण शंखाचा प्रकार मात्र एखाद्या नेटवर्क इंजिनिअरने रचावा तसा चोख आहे. ज्याच्या हातात शंख, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जुन्या काळी ऑफिसात 'टोकन रिंग' नावाचं नेटवर्क असायचं. एक टोकन सगळ्या संगणकांमधून फिरत राहतं, ज्याच्याकडे ते आलं त्यानेच माहिती पाठवायची, मग टोकन पुढे. भांडण नाही, गोंधळ नाही. पण त्यात एक गृहीत आहे: रिंगमधला प्रत्येक जण नियम पाळणार. एकानेही टोकन नसताना बडबड सुरू केली तर प्रोटोकॉलपाशी त्याला गप्प करण्याची ताकद नसते. शंखाचं तसंच आहे. शंख हे शस्त्र नाही. 'आपण सगळे याला मानतो' असं सगळे मानतात, एवढ्यावरच तो चालतो.

आणि तो कुठे तुटतो ते बघा. अकराव्या प्रकरणात दगडाखाली त्याचे तुकडे होतात, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण पहिला तडा दुसऱ्याच प्रकरणात जातो. चष्मेवाला मुलगा शंख हातात धरून बोलायला लागतो आणि जॅक सांगतो, डोंगरावर शंख चालत नाही. कुणी हरकत घेत नाही. राल्फही घेत नाही. त्याला आत्ता जाळ पेटवायचा आहे, मजा येते आहे, आणि बोलणारा मुलगा नाही तरी कंटाळवाणाच आहे. नियम मोडला गेला तो एका नकोशा माणसाच्या बाबतीत, म्हणून कुणाला खुपलं नाही. तुम्ही संस्थांमध्ये काम करता, मोर्चे काढता, निवेदनं देता. संविधान वाचवायच्या सभेत आपल्यातल्याच एका कंटाळवाण्या माणसाचा माइक काढून घेतला जाताना मी पाहिलं आहे. मीही तेव्हा सुटलो बुवा म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्या मुलाच्या नावाकडे येतो. अजून मी त्याचं नाव घेतलेलं नाही, हे काहींच्या लक्षात आलं असेल. कादंबरीत त्याला सगळे 'पिगी' म्हणतात. सुरुवातीला तो राल्फला विश्वासाने सांगतो की शाळेत मला या नावाने चिडवायचे, तू कुणाला सांगू नकोस. थोड्याच वेळात भर सभेत राल्फ ते सांगून टाकतो आणि सगळे हसतात. बेटावरचा पहिला विश्वासघात हा आहे, आणि तो करतो कोण? आपला नायक, चांगला मुलगा, लोकशाहीने निवडून येणारा प्रमुख. ज्या बेटावर पुढे डुकरं मारायची आहेत, तिथे एका माणसाला डुकराचं नाव देऊन झालं. त्याचं खरं नाव काय होतं? राल्फ विचारत नाही. दुसरं कुणीही विचारत नाही. कादंबरी संपते, तो मरतो, त्याचं प्रेत समुद्रात वाहून जातं, आणि वाचकालाही त्याचं नाव माहीत नसतं. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटेपर्यंत ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती. म्हणजे मीही विचारलं नव्हतं.

तो दुसऱ्या वर्गाचा आहे, हेही विसरू नका. आई-वडील नाहीत, गोळ्या-बिस्किटांचं दुकान चालवणाऱ्या मावशीकडे वाढला. त्याची इंग्रजी 'शुद्ध' नाही, बाकीच्यांच्या कानाला ती लगेच खटकते. बेटावर सगळ्यात जास्त अक्कल त्याच्याकडे आहे. यादी करा, झोपड्या आधी बांधा, मग जाळ, असं तोच सांगतो. पण शहाणपणाला उच्चार शुद्ध लागतो. इथे मराठवाड्यातून, कोकणातून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेले जे बसले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

या कादंबरीबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं: सभ्यतेचा पातळ मुलामा निघाला की माणूस रानटी होतो. गोल्डिंग स्वतःही साधारण याच अंगाने बोलत. समाजातल्या दोषांचं मूळ माणसाच्या स्वभावातच आहे असं त्यांना दाखवायचं होतं. मला वाटतं, कादंबरी लेखकाच्या या म्हणण्यापेक्षा जास्त हुशार आहे.

जॅक आणि त्याची टोळी पहिल्यांदा दिसते ती कशी? रंगवलेल्या तोंडांनी नाही. ती चर्चच्या गायकवृंदातली मुलं आहेत. रणरणत्या उन्हात काळे झगे आणि काळ्या टोप्या घालून, दोन रांगांत, कवायत करत येतात. जॅक थांबा म्हणेपर्यंत कुणी थांबत नाही. एक मुलगा चक्कर येऊन पडतो तरी जॅकच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. आणि मी प्रमुख व्हायला हवं, असं तो का म्हणतो? तर तो गायकवृंदाचा म्होरक्या आहे आणि त्याला उंच पट्टीतला एक सूर लावता येतो! मतदान होतं तेव्हा ही मुलं मरगळलेल्या आज्ञाधारकपणे जॅकसाठी हात वर करतात. म्हणजे टोळी बेटावर तयार झाली नाही. ती विमानात बसूनच आली होती, गणवेशासकट. ज्याला आपण शिस्त म्हणतो तिच्यातून पुढे काय निघालं, ते या पोरांनी दाखवलं.

आणि 'रानटी' हा शब्द कुणाचा? गोल्डिंगने एका जुन्या पुस्तकाला उत्तर दिलं आहे. आर. एम. बॅलंटाइन यांचं 'द कोरल आयलंड', १८५७-५८ च्या सुमाराचं. त्यातही इंग्रज मुलं बेटावर अडकतात. त्यांचीही नावं राल्फ आणि जॅक, तिसरा पीटरकिन. पण तिथे मुलं शेवटपर्यंत सज्जन राहतात. वाईट जे काही आहे ते बाहेरून येतं: चाचे, आणि काळ्या कातडीचे नरभक्षक बेटवासी. ज्या वर्षांत इकडे दिल्ली आणि लखनौ जळत होतं, त्याच वर्षांत तिकडच्या मुलांसाठी हे लिहिलं जात होतं. गोल्डिंगने काय केलं, तर बाहेरचे सगळे काढून टाकले. बेटावर फक्त इंग्रज ठेवले. आणि मग विचारलं, आता सांगा, रानटी कोण? एवढ्यासाठी मी त्यांना सलाम करतो. पण एक अडतंच. मुलं वाईट वागायला लागली की कादंबरीही त्यांना 'सॅव्हेज' म्हणायला लागते, तोंडाला रंग आणि हातात भाला देते. जुन्या आवृत्तीत पिगीच्या तोंडी याच संदर्भात काळ्यांबद्दलचा एक वंशद्वेषी शब्द होता, पुढच्या काही आवृत्त्यांत तो बदलावा लागला. क्रूर इंग्रज मुलगा दाखवायचा तरी त्याला आधी आदिवासीसारखं नटवावं लागतं, ही लेखकाच्याही डोळ्यांवरची झापड आहे. तो काळा झगा पुरेसा होता.

आता थोडं कादंबरीच्या बाहेर जाऊ. ती आली त्याच वर्षी, १९५४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी खरोखरच्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. करणारे होते मुझफ्फर शरीफ. नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या. हो, तुर्कस्तानचे. उस्मानी साम्राज्याच्या शेवटच्या काळात जन्मलेले, नाझीविरोधी मतांपायी १९४४ मध्ये तिथे अटक झालेली, मग अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी एकाच धर्माची, एकाच रंगाची, एकाच आर्थिक थरातली, एकमेकांना न ओळखणारी मुलं निवडली, त्यांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणं, एकमेकांच्या झोपायच्या जागांवर धाडी. धर्म नाही, जात नाही, इतिहास नाही. तरी 'ते' आणि 'आपण' तयार. मग शरीफनी पाणीपुरवठा बंद पडल्याचं, ट्रक बंद पडल्याचं नाटक केलं. एकट्या गटाला जमणार नाही अशी कामं पुढे टाकली. रस्सीखेचीसाठी जी दोरी वापरली होती तीच ट्रकला बांधून दोन्ही गटांनी मिळून तो ओढला, आणि वैर हळूहळू उतरलं.

हे पाठ्यपुस्तकात असतं. जे सहसा नसतं ते असं, की आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शरीफनी असाच एक प्रयोग केला होता आणि तो फसला होता. तिथे मुलांची आधी एकमेकांशी ओळख होऊ दिली होती आणि मग गट पाडले. मुलं भांडेनात. हे आपल्याला मोठी माणसंच भांडायला लावताहेत, असा संशय त्यांना यायला लागला! मला यशस्वी प्रयोगापेक्षा हा फसलेला जास्त आवडतो.

टोंगाच्या मुलांची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर वाचली असेल. १९६५ मध्ये टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं एक बोट पळवून समुद्रात गेली, वादळात सापडली आणि आता नावाच्या निर्जन बेटावर सव्वा वर्ष राहिली. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन खलाशाने त्यांना सोडवलं. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, झाडाची खोडं पोखरून पावसाचं पाणी साठवलं होतं, जाळ विझू दिला नव्हता. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो नीट बांधून त्याचं कामही वाटून घेतलं. हे सांगून लोक म्हणतात, बघा, गोल्डिंग खोटा ठरला. मला ते पटत नाही. ही सहा मुलं एका शाळेतली, एकमेकांचे मित्र, मिळून खोडी काढायला निघालेली. गोल्डिंगची मुलं एकमेकांना अनोळखी, आणि त्यांच्यात एक रांगेतली टोळी आधीच तयार. वेगळा इनपुट, वेगळा आउटपुट. यातून 'माणूस मुळात चांगला' किंवा 'मुळात वाईट' असा निकाल लावायची घाई का करायची?

काल रात्री जेवणानंतर गटचर्चेत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, या देशात आज आपणच पिगी आहोत." मी तिला लगेच काही बोललो नाही, कारण तिचं म्हणणं खोटं नाही. अफवा, अंधार, नाचणारा जमाव आणि मध्ये एक माणूस ओरडून काहीतरी सांगतोय, हे दृश्य आपल्याला पुस्तकात शोधावं लागत नाही. मोबाइलमध्ये येतं. पण रात्री मला झोप लागली नाही, आणि आज जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलतो आहे.

कादंबरीचं नववं प्रकरण. डोंगरावरचं 'जनावर' म्हणजे पॅराशूटला लटकलेलं एका मेलेल्या सैनिकाचं प्रेत आहे, हे सायमन नावाच्या मुलाला समजतं. सायमन म्हणजे पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडलेला, तोच. भिऊ नका, जनावर नाहीये, हे सांगायला तो रात्री खाली येतो. खाली वादळ आहे, मेजवानी आहे, मुलं गोल करून नाचताहेत. अंधारातून रांगत आलेल्या सायमनलाच ती जनावर समजतात आणि मारून टाकतात. महत्त्वाचं हे, की त्या गोलात राल्फ आणि पिगीसुद्धा आहेत. आकाश कडाडतंय, भीती वाटते आहे, आणि त्या वेड्या पण उबदार गोलात आपल्यालाही जागा मिळावी असं त्या दोघांना वाटलं, हे गोल्डिंग स्पष्ट सांगतात.

दहावं प्रकरण म्हणजे दुसरी सकाळ. खुनाच्या प्रकरणापेक्षा मला या प्रकरणाची जास्त भीती वाटते. राल्फ म्हणतो, तो खून होता. पिगी चिडतो: अंधार होता, पाऊस होता, आपण कडेला होतो, अपघात होता तो. मग सॅम आणि एरिक हे जुळे भाऊ येतात. अंगावर ओरखडे. न विचारताच पिगी सांगतो की आम्ही थकलो होतो, आम्ही लवकर निघालो. जुळे म्हणतात, आम्हीही. चौघांना माहीत असतं की चौघेही तिथे होते. तरी चौघे मान डोलावतात. खोटं बोलायचं असं कुणी ठरवत नाही, ते आपोआप जुळून येतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलवर. कॉलेजचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, त्याची पाटी आमच्या मेसच्या भिंतीवर होती, आणि वरच्या मजल्यावर 'इंट्रो' चालायचा. पहिल्या वर्षी माझाही झाला होता. मला 'पाकिस्तान' म्हणायचे. "ए पाकिस्तान, पाणी आण." मी हसायचो. दुसऱ्या वर्षी नवी बॅच आली. त्यात एक मुलगा होता, बारीक, लाजाळू, जाड भिंगाचा चष्मा. त्याला पहिल्याच दिवशी 'बॅटरी' नाव पडलं. एका रात्री त्याला गच्चीवर नेलं, चष्मा काढून घेतला आणि सांगितलं, शोध. ओल्या टॉवेलचे फटके मारत होते, तो हात पुढे करून चाचपडत होता, सगळे हसत होते. मी मारलं नाही. मी जिन्याच्या दाराशी उभा होतो, रेक्टर येतात का ते बघायला. पण मीही हसत होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. त्या रात्री कुणीही मला पाकिस्तान म्हटलं नव्हतं. गोलात मी आत होतो. त्या घोळक्यात मी एकटाच मुसलमान होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या लक्षात नव्हतं.

तो दाराकडे आला. मी बाजूला झालो. पुढे जिना आहे हे त्याला दिसत नव्हतं, आणि मला दिसत होतं.

हात मोडला. सकाळी रेक्टरांनी आमच्या खोलीतल्या चौघांना विचारलं. पहिला म्हणाला, आम्ही लवकर झोपलो होतो सर. दुसरा म्हणाला, सबमिशन होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मी गेलो होतो थोडा वेळ, पण लवकर निघून आलो. चार दिवसांनी त्याचे वडील आले. धोतर, डोक्यावर गांधी टोपी. ट्रंक त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. फाटकाजवळ मी समोरच होतो. त्यांनी मला विचारलं, एसटी स्टँडला रिक्षा कुठून मिळेल. मी सांगितलं. वर "काका, मी ठेवतो ट्रंक," असंही म्हणालो आणि रिक्षापर्यंत नेऊन ठेवली. ते मला "देव तुझं भलं करो" म्हणाले. मुलगा माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही.

आता तो आकडा. कादंबरीच्या शेवटी नौदलाचा अधिकारी राल्फला विचारतो, कुणी मेलं तर नाही ना? राल्फ सांगतो, दोनच. वाचताना आपणही हो म्हणतो: सायमन आणि पिगी. पण दुसऱ्या प्रकरणात, पहिल्या दिवशीचा जाळ हाताबाहेर जाऊन जंगल पेटलं तेव्हा, एक लहान मुलगा नाहीसा झाला होता. चेहऱ्यावर जांभळट डाग असलेला, जनावराची गोष्ट पहिल्यांदा भीतभीत सांगणारा. तो पुन्हा कधी दिसत नाही. त्याचंही नाव कुणाला माहीत नाही, कारण पिगीने सांगितलेली यादी कुणी केलीच नाही. राल्फ खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबात तो मुलगा नसतोच. आणि किती मुलं आहात, असं अधिकारी विचारतो तेव्हा प्रमुख असलेल्या राल्फला नुसती मान हलवावी लागते. अधिकारी जरा नाराज होतो, इंग्रज मुलांकडून याहून बरं काही अपेक्षित होतं असं म्हणतो, आणि मुलं रडायला लागल्यावर आपल्या युद्धनौकेकडे बघत उभा राहतो. ती नौकाही कुणाच्या तरी शिकारीलाच निघालेली आहे.

मी दोन वर्षांपूर्वी कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी इंग्रजीत. 'दोनच' या शब्दाशी आलो आणि पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं, त्या मुलाला शोधायचं. आजकाल कोणीही सापडतं. लॅपटॉप उघडला, सर्चच्या चौकटीत कर्सर नेला, आणि लक्षात आलं की मला त्याचं नाव माहीत नाही. 'बॅटरी' आठवतं. गाव परभणीकडचं होतं, एवढं आठवतं. त्या खोलीतल्या तिघांना फोन केले. एक पुण्यात, एक अमेरिकेत, एक दुबईला. एकाने विषय बदलला. दुसरा खरंच विसरला आहे असं वाटलं. तिसरा म्हणाला, "अरे, पण आपण तर त्या रात्री लवकर झोपलो होतो ना?" तो थट्टा करत नव्हता. पंधरा-सोळा वर्षांत त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

कॉलेजच्या ऑफिसात त्या वर्षीच्या प्रवेशाची यादी असेल. मी एक पत्र लिहून ठेवलं आहे, अजून टाकलेलं नाही. यादी मागताना कारण काय लिहायचं, तिथे अडलो आहे.

चहाची वेळ झाली. चहानंतर आपण गटांत पाचवं प्रकरण वाचणार आहोत, रात्रीच्या सभेचं. मराठीच्या तीन प्रती आहेत, इंग्रजीच्या पाच. एकेका गटाला पुरतील. ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी आधी आपलं नाव सांगा.